तिसरा ठोका

मोटर आमच्या वस्तीत, व्हॉल्व्ह भिंतीपलीकडच्या. दोन्ही चालल्याशिवाय कुणाच्याच नळाला थेंब नाही. व्हॉल्व्ह उघडला की तिकडून पान्याने पाइपावर तीन ठोके यायचे, मगच मी मोटर लावायची, नाहीतर पाइप फुटलाच म्हणून समजा. ठोके द्यायला माझा दादा तिकडे जायचा. दंगलीच्या दिवशीही गेला होता. मग भिंत उभी राहिली आणि त्याची काही खबर आली नाही.

तह झाला तो काही प्रेम उतू गेलं म्हणून नाही, दोन्हीकडचे घसे कोरडे पडले म्हणून. व्हॉल्व्हवर त्यांचा माणूस, मोटरवर मी. पहिल्या सकाळी पाइपाला कान लावला. दोन जोरकस ठोके, मग थांबून तिसरा हळूच. ही दादाचीच पद्धत.

दुसऱ्या दिवसापासून आई पंपघरात येऊन बसू लागली. ठोके पडले की पाइपावर हात ठेवायची. मी आतून जळत होते. जिवंत असेल तर घरी का येत नाही? आणि नसेल तर ठोकतंय कोण?

पुढे भिंतीतलं फाटक उघडलं तशी मी तडक तिकडे गेले, भांडायच्या तयारीनेच. व्हॉल्व्हच्या खोलीत एक म्हातारा होता.

"तू त्याची बहीण," तो उठत म्हणाला. "मी त्याला इथेच लपवलं होतं, पोरी. पण जखम खोल होती. जाताना म्हणाला, काका, असेच ठोके द्या, नाहीतर ती मोटर लावायची नाही. फार संशयी आहे."

मला हसू फुटलं आणि त्यातच रडू. मागच्या भिंतीशी त्यानेच दादाला मूठमाती दिली होती.

आईला सांगायला जीभ रेटेना. पंपघरात तिच्याशेजारी नुसती बसले.

"भेटलीस ना त्याला? कोण आहे?" तिनेच विचारलं. "मला काय खुळी समजतेस? पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं, हा माझा नाही. माझा आळशी. त्याचा तिसरा ठोका पडेपर्यंत जीव जायचा माणसाचा."

"मग रोज येऊन का बसतेस?"

"कुणीतरी त्याच्यासारखं ठोकतंय. ऐकायला नको?"

मी सगळं सांगितलं.

"त्या काकांना निरोप दे," ती म्हणाली. "तिसरा अजून जरा उशिरा."

मी निरोप दिला. दुसऱ्या सकाळी दोन ठोके पडले. आम्ही श्वास रोखून थांबलो. तिसरा येईना.

"ऊठ रे आळशा," आई पाइपाला म्हणाली.

मग तो पडला.