डोंगर चढणाऱ्या कोर्टाचा घोडा

मित्रांनो, माझं नाव त्लोऊ. आमच्या सेसोथो भाषेत त्लोऊ म्हणजे हत्ती. हसू नका. मी एक म्हातारा, बुटका, पाठीला खळगा पडलेला घोडा आहे, आणि हे नाव मला चेष्टेने ठेवलं हे मलाही कळतं. पण लेसोथोच्या डोंगरांत उंच घोड्याला कुणी विचारत नाही. इथल्या कड्याकडेच्या पायवाटांवर, बर्फात, ओल्या खडकावर ज्याचा पाय चुकत नाही तोच खरा घोडा. माझ्या पाठीवरून आयुष्यात एकच माणूस पडलं, आणि त्यात चूक त्या माणसाची होती. ते पुढे येईलच.

मी शिंगरू असतानाच न्ताते सेचाबांनी मला विकत घेतलं. न्ताते म्हणजे बाबा. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या पुरुषाला तसंच म्हणतात. सेचाबांचा धंदा घोडे भाड्याने द्यायचा. खालच्या गावातून मक्याचं पीठ वर आणायचं आणि वरची माणसं खाली न्यायची. रस्ता नदीपाशी संपायचा. तिथून वर हा-लेतूका या वाडीपर्यंत पुरे दोन दिवस, आणि तेही पाऊस नसला तर.

खाली जाणाऱ्यांत कोर्टात जाणारी माणसं बरीच असायची. ती मला पाठीवरच्या बसण्यावरून ओळखू यायची. जाताना ताठ बसायची, येताना पोत्यासारखी. कोर्टाच्या फाटकाशी मी इतके तास बांधलेला असायचो की त्याच्या गजांचा रंग कुठे उडालाय हे आजही सांगेन. आत अर्ज इंग्रजीत लिहायचा, त्याच्या पाच प्रती काढायच्या, आणि खिडकीतला माणूस जेवायला गेलेला असायचा. तो परत आला की पुढची तारीख द्यायचा. माणसं तारीख घेऊन दोन दिवस वर चढायची आणि पुढच्या महिन्यात तीच तारीख घेऊन खाली उतरायची. मी काही शिकलेला नाही, पण यात काहीतरी उलटं आहे एवढं मलाही कळत होतं.

अशीच एक बाई होती, मालिताबा. हा-लेतूकाचीच. तिचा नवरा मोहापी खाणीत कामाला होता. तिथून तो खोकला घेऊन घरी आला आणि दोन हिवाळ्यांत गेला. मागे राहिली ही, दोन लेकरं, एक गोल दगडी घर आणि एक शेत. मोहापीच्या थोरल्या भावाचं नाव खेथीसी. दुखवट्याचे दिवस संपले, आणि त्याने आपली गुरं सरळ तिच्या शेतात सोडली. म्हणाला, "ही माझ्या भावाची बायको नव्हतीच. घर माझं, शेत माझं. हिने माहेरी जावं."

मालिताबा चार वेळा माझ्या पाठीवर बसून कोर्टात गेली. धाकटं लेकरू पाठीशी बांधलेलं. पहिल्यांदा अर्ज चुकला. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा लग्नाचा कागद मागितला. आमच्या डोंगरात लग्नाचा कागद कोण करतं? चौथ्यांदा म्हणाले, साक्षीदार आणा. साक्षीदार म्हणजे वाडीतली सत्तर-ऐंशीची म्हातारी माणसं. ती चुलीपासून गोठ्यापर्यंत चालली तरी धापा टाकायची. ती घाट कसली उतरतात! त्या वेळी परतताना ती माझ्या पाठीवर बसलीच नाही, माझ्या बाजूने चालत राहिली, आणि मला फार वाईट वाटलं.

मग राजधानीत शहाण्या माणसांनी बसून नवे नियम केले. घरगुती वादांसाठी एकपानी अर्ज, तोही सेसोथोत. वकील नसला तरी चालेल. ज्यांना कोर्टात येता येत नाही त्यांच्या गावी महिन्यातून एकदा कोर्टानेच जायचं. ऐकायला झकास. पण गाडी नदीपाशी अडायची, त्यामुळे खालचे सगळे म्हणाले, हे नियम डोंगरासाठी नाहीत.

एकीला ते पटलं नाही. ती नवी मॅजिस्ट्रेट, म्मे पुलेंग. म्मे म्हणजे आई. बाईमाणसाला आम्ही असंच हाक मारतो. शहरात वाढलेली, चष्मेवाली, पायांत नाजूक बूट. एका सकाळी ती सेचाबांच्या दारात उभी राहिली.

"न्ताते, एखादा गरीब घोडा मिळेल का?"

"गरीब आहे. नावाने मात्र हत्ती आहे."

"मी कधी घोड्यावर बसलेली नाही. पडले तर?"

"पडलात तर पुन्हा बसायचं, म्मे. त्यात काय विशेष?"

दुसऱ्याच ओढ्यात बाई पडल्या. पाणी बर्फाचं होतं. मी कान पाडून उभा राहिलो, म्हटलं आता शिव्या बसणार. त्या उठल्या, चष्मा चाचपला आणि मला म्हणाल्या, "तुझी चूक नाही रे. लगाम मीच चुकीचा ओढला." मित्रांनो, माझ्या पाठीवर किती माणसं बसली, पण आपली चूक घोड्यासमोर कबूल करणारं हे पहिलंच. तिथेच ठरवलं, या बाईला कुठेही न्यायचं.

तर असं कोर्ट हा-लेतूकाला पोचलं. पत्र्याच्या पेटीत कागद आणि शिक्का, मागच्या खेचरावर एक घडीचं टेबल, आणि सोबत एक कारकून. मेंढवाड्याच्या दगडी भिंतीच्या आडोशाला टेबल मांडलं, मला शेजारीच बांधलं. अख्खी वाडी घोंगड्या पांघरून जमली. बायकांनी मक्याचा गोळा आणि पाल्याची भाजी आणली. कोर्टात जेवण मिळतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. मलाही मूठभर मका मिळाला.

खेथीसी नवीकोरी घोंगडी पांघरून आला. गडी पक्का होता. आमच्याकडे सून घरात आली की सासरचे तिच्यासाठी एक मेंढरू कापतात. त्याला कोआए म्हणतात. कोआए झालं की ती घरची. नाही झालं तर ती पाहुणी. खेथीसीने नेमकं तेच धरलं.

"कोआएचं मेंढरू कापलंच नाही, म्मे. बाई पाहुणी म्हणून आली, पाहुणी म्हणून राहिली. आता यजमान गेला. पाहुण्याने किती दिवस राहावं?"

"अकरा वर्षं राहिले," मालिताबा म्हणाली. "दोन बाळंतपणं झाली माझी या घरात. पाहुणीला कुणी एवढं राबवतं का, भाऊजी?"

लोक हसले. पुलेंगबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मेंढरू कापलेलं इथे कुणी पाहिलं आहे?"

आणि बघा, जो तो आपल्या पायांकडे बघायला लागला. कारण सांगतो. वाडीत नांगराला जुंपायचे बैल एकट्या खेथीसीकडे, आणि पेरणी तोंडावर. त्याच्याशी वाकडं घेऊन जमीन काय नखांनी नांगरणार? गावचा मुखिया त्याचा मेहुणा. तो तर आभाळाकडे बघत होता. एकटी न्खोनो माफोका, म्हणजे माफोका आजी, काठी टेकून म्हणाली, "मी पाहिलंय."

"हिला काल काय जेवली ते आठवत नाही," खेथीसी म्हणाला. "माझा मामा सीमेपलीकडे असतो. तो सांगेल खरं काय ते. मला पुढची तारीख द्या."

पुढची तारीख! पुढचा महिना म्हणजे पेरणी उरकलेली. तोवर खेथीसीने ते शेत स्वतः पेरलं असतं, आणि पेरलेलं शेत त्याच्या हातून काढून घेणं किती अवघड हे तिथलं पोरसुद्धा जाणत होतं. पुलेंगबाईंनी सूर्याकडे पाहिलं. अंधारायच्या आत घाटाखालची चौकी गाठायची होती. एक साक्ष, तीही ऐंशीच्या बाईची, आणि समोरचा मुदत मागतोय. त्यांनी वही बंद केली आणि सेचाबांना निघायची खूण केली.

सेचाबा माझ्यावर खोगीर चढवायला आले. आता माझी एक खोड सांगतो. खोगिराचा पट्टा आवळताना मी पोट फुगवतो. सगळे लबाड घोडे करतात. त्या दिवशी मात्र मी आयुष्यात फुगवलं नाही एवढं फुगवलं. सेचाबांनी ओढलं, गुडघा लावला, पुन्हा ओढलं. "सोड की श्वास, हत्ती. लोक बघतायत." मी सोडला नाही. लोक खरंच बघत होते. हसत होते, सल्ले देत होते, आणि उठायला निघालेली माणसंही पुन्हा टेकली.

तेवढ्यात माफोका आजीला बोलायला फुरसत मिळाली. तिला आठवत नाही म्हटल्याचा राग तिच्या नाकावर होता. काठी आपटत ती खेथीसीसमोर आली.

"कालचं जेवण आठवत नसेल मला. पण ते मेंढरू आठवतं. काळ्या तोंडाचं होतं. मुंडी तुझ्या मामाला दिली म्हणून तू रुसून गोठ्यामागे जाऊन बसला होतास."

"मी रुसलो नव्हतो."

"रुसला होतास. हिवाळाभर भावाशी बोलला नाहीस. एवढा मोठा बाप्या, आणि मुंडीवरून फुरंगटतो."

बायका तोंडाला घोंगडी लावून हसायला लागल्या. खेथीसीचे कान तापले. बाकी काहीही म्हणा, पण मुंडीच्या मानावरून हसलेलं आमच्याकडे कुणाही पुरुषाला सोसवत नाही.

"मुंडीसाठी नाही, मानासाठी," तो गरजला. "घरातला थोरला मी. मेंढरू माझ्या कळपातलं. मुंडी फोडायचा मान माझा होता, आणि मामा माझ्या डोळ्यांदेखत डोळे काढून खात होता. रुसू नको तर काय नाचू?"

मग बायकांनी तोंडावरची घोंगडी खाली घेतली. मीही श्वास सोडला.

पुलेंगबाईंनी बंद केलेली वही पुन्हा उघडली. "न्ताते खेथीसी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "कुठल्या मेंढराची मुंडी?"

खेथीसी चाचरला. "ते... ते वेगळं मेंढरू होतं."

"मग त्या वेगळ्या मेंढरासाठी मामा सीमेपलीकडून कधी आले होते?"

तो नवी घोंगडी सावरायला लागला. आणि मग गंमत झाली. ज्यांची तोंडं इतका वेळ शिवलेली होती ती उसवली. एकाला फासळी मिळाली होती, एकीला काळीज. एक आजोबा म्हणाले की त्यांच्या वाट्याला नुसतं हाड आलं आणि ते बोलायची संधी ते अकरा वर्षं शोधत होते. शेवटी मुखियासुद्धा खाकरला आणि म्हणाला, "मला मांडी मिळाली होती. चरबी चांगली होती." कारकुनाला लिहिता लिहिता घाम फुटला. शेजारच्या वाडीच्या एकाने तर जागीच सांगून टाकलं की नांगरायला बैल मी देतो, कुणी काळजी करू नका.

पुलेंगबाईंनी निकाल तिथेच लिहिला आणि उभं राहून सेसोथोत वाचला. मालिताबा मोहापीची बायको आहे. घर तिचं आणि लेकरांचं. शेत तिचं आणि लेकरांचं. खेथीसीने आपली गुरं उद्या सकाळपर्यंत काढून न्यावीत.

मालिताबा पुढे आली. "म्मे, पुन्हा एकदा वाचाल का? कोर्टाचं बोलणं मला पहिल्यांदाच कळलं."

बाईंनी पुन्हा वाचलं. तिने तिसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्या वेळी तीही सोबत म्हणत होती, ओठ हलवत, आणि 'शेत तिचं' हे तिने एवढ्या मोठ्याने म्हटलं की मी दचकलो. मग बायकांनी जिभा हलवून जो आनंदाचा गजर केला, तो समोरच्या कड्यावरून परत आला. मला मक्याची दुसरी मूठ मिळाली. मी इतका खूश होतो की उतारावर मी चक्क दुडक्या चालीने निघालो, आणि बाई पडल्या नाहीत.

त्यानंतर नऊ वर्षं मी कोर्टाचा घोडा होतो. सतरा वाड्या. कुठे पोटगी, कुठे पोरांचा ताबा, कुठे दोन बहिणींमधलं एक जातं. खालच्या गावी एका समारंभात मला तांबडी झूल घातली, फोटो काढला. मी नाकारलं नाही.

मग नदीवर पूल झाला, रस्ता आला, आणि कोर्ट जीपमधून यायला लागलं. चांगलंच झालं. पण त्लोऊला विचारतो कोण? सेचाबा थकून लेकीकडे राहायला गेले. मी महिनोन्‌महिने हा-लेतूकाच्या मेंढवाड्याच्या भिंतीशी उभा, खुरं वाढलेली, पाठीवर गोचिडी. एक दिवस एक माणूस मला बघायला आला. त्याने माझे दात पाहिले नाहीत, पाय पाहिले नाहीत. नुसते पुठ्ठे चाचपले. अशा गिऱ्हाइकाला घोडा कशासाठी हवा असतो ते घोड्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिताबा दोर घेऊन आली. केस पिकलेले, पण चाल तीच. मला न्यायला परत येणाऱ्या त्या माणसाला तिने वाटेतच गाठलं आणि सांगितलं, "हा विकायचा नाही. सेचाबांना मी विचारून आलेय. याने मला चार वेळा खाली नेलं, आणि पाचव्यांदा कोर्टच वर आणलं." मग माझी खुरं कापली, गोचिडी वेचल्या, आणि मला घरी नेलं.

मित्रांनो, आता माझी एकच विनंती. गेल्या पावसात रस्ता खचला, तेव्हा जीप दोन महिने आली नाही. नवे साहेब म्हणाले, लोकांनी खाली यावं. तुम्ही मोठे व्हाल, कुणी त्या टेबलामागेही बसाल. तेव्हा ज्याला येता येत नाही त्याच्याकडे आपण जायचं असतं, एवढं ध्यानात ठेवा. गाडी नसेल तर घोडा बघा. ओढ्यात पडलात तर उठा, आणि घोड्याला शिव्या देऊ नका. तो म्हातारा झाला की त्याला टाकूनही देऊ नका.

माझं बरं चाललंय. मका काढून झाला की मालिताबा मला तिच्या शेतात मोकळं सोडते आणि बांधावर बसून शेंगा सोलते. निकाल पेटीत कुलपाखाली ठेवलेला असतो, असं लोक म्हणतात. असेलही. मला तो इथे दर वर्षी उगवलेला दिसतो, आणि मी तो पोटभर खातो.