बत्तीवाल्याची सुट्टी

सोजरबाईनं लुगडं वर खोचून घेतलं, वहाणा हातात धरल्या आणि शेवाळलेल्या खडकावर पहिलं पाऊल जपून टेकलं. ते जरासं घसरलं. तिनं ते उचलून पुन्हा टेकलं आणि समोर बघितलं. मुंबईतल्या कुलाब्याच्या टोकापासून निघालेली काळ्या खडकांची ओळ थेट समुद्रात गेली होती आणि तिच्या शेवटी उंच, गोल, पट्टे रंगवलेला दीपस्तंभ उभा होता. त्याच्या दोन्ही अंगांना पाणी होतं, पण लांब. जवळ नुसता चिखल, शंख आणि उन्हात चमकणारी डबकी.

"अवो, समुद्र समुद्र म्हनत व्हता, त्यो ह्योच का? पानी कुटं गेलं ह्याचं?"

पुढं गेलेला रामहरी वळला. त्याच्या डोक्यावर रेल्वेची निळी टोपी होती आणि काखेत भाकरीचं गाठोडं. त्यानं जाणत्या माणसासारखी चहूकडं नजर फिरवली.

"आटलंय. वैशाख हाय की. आपलं तळं आटतंय, तसंच ह्येबी."

सोजरबाईला समुद्राची कीव आली. एवढा मोठा, पण उन्हाळा काही त्यालाही चुकला नाही. कुर्डुवाडीच्या माणसाला पाण्याच्या दोनच तऱ्हा ठाऊक. एक तर ते असतं, नाही तर आटतं. आणि एकदा आटलं की मृगापर्यंत त्याची वाट बघायची नसते. त्यामुळं दोघंही अगदी निवांत चालत होती. मध्ये थांबून सोजरबाईनं नातवंडांसाठी चार शंखही वेचले.

"पावसाळ्यात हितल्या मान्सांचं लई हाल व्हत असतील," रामहरी म्हणाला. "सगळी वाट पान्यात."

रामहरी कुर्डुवाडी स्टेशनावर बत्तीवाला होता. पहिल्या प्लेगाच्या साली तो नोकरीला लागला, त्याला आता एकतीस वर्षं होऊन गेली होती. रोज दिवस कलला की तो बत्तीखोलीत जायचा, दिव्यांत राकेल भरायचा, वाती कातरायचा, काचा पुसायचा आणि एकेक दिवा घेऊन शिंगलाच्या शिडीवर चढायचा. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो. लेकीच्या, तानीच्या लग्नात वरात दारातून हलली आणि हा पठ्ठ्या जावयाच्या गळ्यातला हार सरळ करून तसाच स्टेशनाकडं पळाला. व्याह्यांनी त्यावरून वर्षभर टोमणे मारले. पण हजेरीबुकात रामहरीच्या नावापुढं लाल शाईचा एक ठिपका नव्हता आणि आणखी आठ महिन्यांनी तो तसाच कोऱ्या नावानं घरी बसणार होता. ह्या गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता, तेवढा त्याला स्वतःच्या मिशांचाही नव्हता.

सोजरबाईला त्या अभिमानाचं कौतुक होतं आणि रागही होता. दिवेलागणीच्या वेळी दुसऱ्या बायकांचे नवरे ओसरीवर येऊन टेकत, हातपाय धूत, चार शब्द बोलत. हिनं कोनाड्यात दिवा लावायचा, हात जोडायचे आणि दारात येऊन लांबच्या शिंगलाकडं बघायचं. तिथं तांबडा ठिपका उजळला की समजायचं, धनी शिडीवर आहेत. एकतीस वर्षांत दिवेलागणीला तो तिच्या शेजारी एकदाही बसलेला नव्हता. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलून शिंगलं आपोआप लागणार नव्हती. पण मनात होतं, आणि दर संध्याकाळी होतं.

ही सहल घडली ती रावजींमुळं. रावजी ह्या दीपस्तंभावरचे मुख्य रखवालदार. त्यांची लेक बार्शीला दिलेली, त्यामुळं ते कुर्डुवाडीला गाडी बदलत. एकदा फलाटावर त्यांनी रामहरीला दिव्याची काच पुसताना बघितलं आणि जवळ येऊन म्हणाले, "मी पण बत्तीवालाच." तेव्हापासून दर खेपेला दोघांच्या गप्पा व्हायच्या, आणि दर खेपेला रावजी आग्रह करायचे. सात वर्षं रामहरी "येतो की" म्हणत राहिला. ह्या वर्षी साहेबांनी दोन दिवसांची सुट्टी दिली, पासही दिला, आणि बजावून सांगितलं की बदलीचा माणूस दोनच दिवसांचा आहे. तिसऱ्या दिवसाची दिवेलागण तुझ्या हातची. म्हणजे आज रात्री बोरीबंदरला गाडीत बसायचं, उद्या सकाळी कुर्डुवाडी, आणि संध्याकाळी शिडी.

दीपस्तंभाच्या पायथ्याशी रावजी स्वागताला उभेच होते. त्यांनी गूळपाणी पुढं केलं. रामहरीनं तांब्याला हातही लावला नाही.

"बत्ती कुटं हाय?"

"अहो, आधी बसा तरी."

"बसतो की. आधी बत्ती बघू."

रावजी हसत त्याला वर घेऊन गेले आणि बऱ्याच वेळानं एकटेच खाली आले.

"वहिनी, तुमचे यजमान काही खाली येत नाहीत. काचांवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसलाय म्हणाले, आणि माझ्या हातातलं फडकंच ओढून घेतलं. मी म्हटलं, पुसा बापडे."

"घरीबी त्येच. कंदिलाची काच मला पुसू देत न्हाईत."

तिनं गाठोडं सोडलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. रावजींनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि डोळे मिटून खाल्ला. माणसाला आपल्या हातचं आवडलं की सोजरबाईला तो आपलाच वाटायचा. ती मोकळेपणानं बोलायला लागली.

"भावजी, तुमच्याकडंबी पानी लई आटलंय की."

रावजींचा घास तोंडातच राहिला. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"आटलं नाही, वहिनी. मागं सरलंय. दिवसातून दोनदा मागं सरतं आणि दोनदा परत येतं. ही ओहोटी. आता भरती येईल."

"म्हंजे आज येनार?"

"आजच काय, थोड्या वेळातच. तुम्ही आलात ती वाट पार बुडेल. माणूसभर पाणी होतं तिथं." रावजींनी बाहेर बोट दाखवलं. दीपस्तंभाची सावली अंगणातून तिरपी पडली होती. "ती सावली त्या मोठ्या काळ्या खडकाला टेकली की त्यांना हाक मारा आणि लगेच निघा. उशीर झाला तर अडकाल. रात्री पुन्हा ओहोटी येते, पण अंधारात त्या खडकांवरून मी माझ्या सख्ख्या भावालाही जाऊ देणार नाही. मग थेट उद्या दुपारीच."

"आन् उद्या दुपारी निघालं तर कुर्डुवाडी?"

"मध्यरात्र होईल." रावजींनी जांभई दिली. "मी जरा आडवा होतो. आम्हाला रात्रभर जागायचं असतं. विसरू नका हं."

ते आतल्या खोलीत गेले आणि पाचच मिनिटांत घोरायला लागले. सोजरबाई उंबऱ्यावर बसून सावलीवर नजर ठेवू लागली. तिला वाटलं होतं, सावली सावकाश सरकेल. पण डोळा लावून बसलं की सावलीही पळते. बघता बघता ती हातभर पुढं गेली, मग आणखी हातभर, आणि काळ्या खडकाला टेकली.

ती उठली आणि खालूनच हाक मारली. वाऱ्यानं ती हाक दुसरीकडंच नेली. वर सज्जात रामहरी अंगठ्याएवढा दिसत होता. त्याचा हात काचेवर गोल गोल फिरत होता. मग ती जिन्यानं चढायला लागली. गोल जिना, एका बाजूला भिंत, मध्ये पोकळ. चाळीस-पन्नास पायऱ्यांवर दम लागला म्हणून ती थांबली, तेव्हा तिला वरून आवाज ऐकू आला.

रामहरी गात होता. कसलं गाणं ते काही कळत नव्हतं; कदाचित शब्द नव्हतेच. नुसतंच मजेत काहीतरी चाललं होतं आणि मध्येच फडक्यानं काच करकरत होती. सोजरबाईनं भिंतीला हात टेकला. एकतीस वर्षांत ह्या माणसाला गाताना तिनं ऐकलं नव्हतं. घरी तो बोलायचा, खाकरायचा, देवाचं नाव घ्यायचा. गायचा नाही.

ती पायरीवर बसली. हाक मारली असती तर इथून ती वर सहज पोचली असती. तिला लाल शाई आठवली. कोऱ्या नावापुढं पहिला ठिपका, तोही आठ महिने उरलेले असताना. साहेब काय म्हणतील, स्टेशनावरचे लोक काय म्हणतील. आणि तिला हेही आठवलं की उद्या संध्याकाळी ती पुन्हा दारात उभी राहून लांबच्या शिंगलाकडं बघणार आहे, परवाही, तेरवाही. आपण करतोय ते वाईट आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती उठली आणि आवाज न करता खाली उतरली. उंबऱ्यावर चौकटीला पाठ टेकून बसली. सावली काळा खडक ओलांडून कधीच पुढं गेली होती. पाणी आधी डबक्यांत आलं, मग डबकी एकमेकांना मिळाली, मग खडकांची ओळ मधूनमधून तुटली आणि शेवटी दिसेनाशी झाली. सोजरबाईनं जन्मात पाणी असं न बोलावता येताना बघितलं नव्हतं. तिला भीती वाटली आणि डोळे भरून बघावंसंही वाटलं.

रावजी जागे झाले ते लाटांच्या आवाजानं. धावतच बाहेर आले.

"वहिनी! हाक नाही मारलीत?"

"डोळा लागला, भावजी," ती खाली मान घालून म्हणाली.

"अरेरे! आता उद्याची दिवेलागण चुकली की त्यांची!"

तेवढ्यात रामहरी जिना उतरून आला. हात काळे, कपाळावर घाम, फडकं खांद्यावर. रावजींनी त्याला सगळं सांगितलं, माफीही मागितली. रामहरीनं पाण्याकडं बघितलं. जिथून तो सकाळी कोरड्या पायांनी आला होता, तिथं आता लाटा फुटत होत्या. तो अंगणातल्या पाण्याच्या दगडी डोणीवर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. सोजरबाईला त्याचं ते न बोलणं चांगलं माहीत होतं. तो रागावला की असाच मुका व्हायचा. तिनं चहाला आधण ठेवलं आणि ते उकळून आटलं तरी तिच्या लक्षात आलं नाही.

दिवस कलला. समुद्राचा रंग बदलला. रावजींनी स्वच्छ सदरा घातला, टोपी नीट केली आणि जिन्यापाशी येऊन हाक मारली.

"रामहरी, चला वर. तुम्ही काचा पुसल्यात, आज बत्तीही तुमच्याच हातानं लागू द्या. तेवढंच समाधान."

सोजरबाईनं मान वळवली. आता हा उठणार, हे तिला बघायचं नव्हतं.

"न्हाय, रावजी," रामहरी म्हणाला. "तुमची बत्ती तुमीच लावा. मी आज सुट्टीवर हाय."

रावजी एकटेच वर गेले. रामहरी आला आणि उंबऱ्यावर तिच्या शेजारी टेकला. जरा अंतर ठेवून, पाहुण्याच्या घरी बसावं तसा. दोघांच्या पायांपासून चार हातांवर पाणी येऊन परत जात होतं. वर दिवा फिरवणाऱ्या चाकाला किल्ली दिल्याचा आवाज झाला, आणि मग उजेडाचा पहिला झोत त्यांच्या डोक्यांवरून लांब समुद्रावर गेला. सोजरबाईचे हात सवयीनं जुळले. बाजूला बघितलं तर रामहरीनंही जोडले होते.

आता मात्र तिला राहवेना.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"भावजींनी सांगितलं व्हतं, पानी येनार म्हनून. हाक मारा म्हनले. मी निम्म्या पायऱ्या चढले आन् माघारी फिरले. डोळा लागला म्हनले त्ये खोटं. तुमच्या नावाम्होरं लाल शाई लागंल ती माझ्यापायी. काय बोलायचं त्ये बोला."

झोत एकदा फिरून पुन्हा आला.

"तानीची आई, वरनं ती खडकांची वाट सगळी दिसतीय," रामहरी म्हणाला. "दोनी अंगांनी पानी चढत व्हतं. आदी वाटलं, डोळं फसत्यात. मग कळलं, ही वाट बुडनार."

सोजरबाई त्याच्याकडं वळली.

"मग अवो, तवाच खाली का न्हाय आला?"

रामहरीनं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"काच आनखी येकदा पुसली," तो म्हणाला.