शाळा सुटली असेल

अनुराधाचा नवरा झाशीजवळच्या बबीनाच्या लष्करी छावणीत हवालदार होता आणि ती झाशीतच, नगरा वस्तीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. सांगलीहून झाशीला येऊन दोन वर्षं झाली होती. दूधवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी. मराठी फक्त फोनवर आणि नवरा घरी आला की. म्हणून त्या दुपारी सिटी बसमध्ये मागून कोणी म्हणालं, "अहो, थांबवा जरा, थांबवा," तेव्हा तिला आधी भासच वाटला.

तिनं वळून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ सीटच्या पाठी धरत धरत दाराकडे निघाले होते. बस वेगात होती आणि दार सताड उघडं होतं. स्टेशनवर पटकन उतरता यावं म्हणून एका प्रवाशानं आपली बॅग दाराच्या घडीत अडकवून ठेवली होती. उकाड्यात वारा येत होता, म्हणून कोणी हरकत घेतली नव्हती. अनुराधाही त्याच वाऱ्यात बसली होती.

"शाळा सुटली असेल," म्हातारे म्हणाले आणि त्यांनी पायरीवर पाऊल टाकलं.

"आजोबा!" अनुराधा ओरडली. उठून तिनं मागून त्यांचा शर्ट घट्ट पकडला. बॅगवाल्यानं झटकन आडवा हात घातला. "रोको, रोको!" सगळी बस ओरडली आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला. उभे होते ते एकमेकांवर आदळले. एका बाईची वांगी खाली गडगडली. पण म्हातारे आतच राहिले.

मुकुल कंडक्टर धावत आला. "दद्दा, मरना है क्या? टिकट लेते वक्त भी पता नहीं क्या बोल रहे थे!"

"मराठी बोलतायत," अनुराधा म्हणाली आणि मग तेच तिनं हिंदीत सांगितलं. आजोबांना तिनं आपल्या जागेवर बसवलं. "कुठं जायचंय, आजोबा?"

"ईशाला आणायला. फाटकाशी उभी असेल बिचारी." मग तिच्याकडे टक लावून त्यांनी विचारलं, "तू कोणाची गं?"

"मी पाटलांची. तुमचं घर कुठं?"

"लक्ष्मी दरवाज्यापाशी. गिरणीच्या वर."

अनुराधानं ते हिंदीत सांगितलं: लक्ष्मी गेट, पिठाच्या चक्कीच्या वर. वांगी गोळा करणारी बाई लगेच म्हणाली, "अरे, ये तो नानासाहेब हैं! चक्कीवाला मेरा देवर लगता है." तिनं फोन लावला. नानासाहेबांची मुलगी तासाभरापासून त्यांना गल्लोगल्ली शोधत होती.

आता प्रश्न होता बसचा. मुकुलनं सगळ्यांकडे पाहिलं. "बिटिया आ रही है उनकी. रुक जाएँ?"

"मेरी गाड़ी छूट जाएगी," बॅगवाला म्हणाला. तो क्षणभर नानासाहेबांकडे बघत राहिला. मग वाकून त्यानं दारातली बॅग काढली. "आप लोग रुकिए. मैं ऑटो कर लेता हूँ." खाली उतरल्यावर त्यानं बाहेरून दार लोटून बंद केलं आणि ते बसलं का, हे हातानं ढकलून पाहिलं.

नानासाहेबांची घालमेल थांबेना. "ती एकटी रस्ता कसा ओलांडेल?"

"माणसं आहेत ना, आजोबा. कुणीतरी हात धरेल," अनुराधा म्हणाली. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

थोड्या वेळानं स्कूटीवरून ईशा आली. पन्नाशीला टेकलेली, अर्धे केस पांढरे, चेहरा घामानं भिजलेला. "बाबा!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

नानासाहेबांनी तिला ओळखलं की नाही, कळलं नाही. पण ते शांत झाले. तिच्या कपाळावरचा घाम त्यांनी आपल्या हातानं पुसला.

"क्या कह रहे थे?" ईशानं अनुराधाला विचारलं.

"तुम्हाला शाळेतून आणायला निघाले होते."

ईशा पायरीवरच बसली आणि रडू लागली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. डोळे पुसत ती म्हणाली, "आजकल हिंदी भूल जाते हैं. मी समजते सगळं... पर जवाब नहीं निकलता. तो मैं चुप रह जाती हूँ, और ये मुझे ढूँढने निकल पड़ते हैं."

अनुराधानं तिचा हात धरला. "मी येऊ का अधूनमधून? मलाही बोलायला कोणी नाही हो इथं."

त्यानंतर मुकुल दार लागल्याशिवाय शिटी मारेनासा झाला. तो विसरला, तर प्रवासीच आठवण करून देत. अनुराधा चढली की कोणी ना कोणी विचारायचं, "दद्दा कैसे हैं?"

दद्दा पूर्वीसारखे होणार नव्हते. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. पण अनुराधा दर रविवारी गिरणीवरच्या त्या घरी जाऊ लागली. नानासाहेब दर वेळी नव्यानं विचारायचे, "तू कोणाची?" आणि ती दर वेळी सांगायची. ईशा शेजारी बसून ऐकायची. हळूहळू एकेक वाक्य तीही जुळवू लागली.

एका रविवारी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, मी चहा ठेवली."

"ठेवला," नानासाहेब म्हणाले. "चहा तो असतो, ईशा."

ईशा हातातलं आलं तसंच घेऊन बाहेर आली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी तिला नावानं हाक मारली होती.