कबरस्तानातली हाक

अकोल्याबाहेर, जठारपेठेपासून पाऊण कोसावर, गोऱ्या साहेबांचं एक जुनं कबरस्तान होतं. पुरुषभर उंच भिंत, एक लोखंडी फाटक, आत कडुनिंब आणि तीसेक कबरी. कबरींचे दगड धुण्याचं काम पुंजाराम माळ्याकडे होतं, पण ते करायची त्याची बायको मैनाबाई. पुंजारामाचा हात जड. एकदा त्यानं शेवाळ खुरप्यानं खरवडलं आणि दगडावर कायमचे पांढरे ओरखडे उठले. तेव्हापासून मैनाबाईनं त्याला दगडाला हात लावू दिला नाही. ती रिठ्याच्या पाण्यानं दगड भिजवायची, काथ्यानं हलकेच घासायची, आणि अक्षरांच्या खाचांतली माती निंबाच्या काडीनं काढायची. खुरपं फक्त गवतासाठी.

गावातलं कोणी तिकडे फिरकत नसे. भर दुपारी तिथे मडम रडते, असं लोक सांगत. मैनाबाई हसायची.

"बारा वर्सं झाली, मले त कोनी दिसली नाई," म्हणायची.

तिचा धाकटा दीर भगवंत मात्र त्या भिंतीजवळून जाताना मान वर करत नसे. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सात वर्षांचा होता, तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. आता पंचवीस वर्षांचा बाप्या झाला, मळ्यावर वेगळा राहू लागला, तरी भीती गेली नव्हती.

सन एकोणीसशे अठ्ठावीसच्या वैशाखात नागपूरचे पाद्री येणार म्हणून सगळे दगड धुवायचे होते. पुंजाराम चांदूर रेल्वेला भाचीच्या लग्नाला गेला होता. मैनाबाई सकाळीच एकटी निघाली. फाटक आतून लोटून घेतलं, बकऱ्या शिरू नयेत म्हणून.

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोपऱ्यातला छातीएवढा उभा दगड त्या भेगांमुळे पुढे कलला होता. मैनाबाईनं तो पाहिला होता, पण दर उन्हाळ्यात कुठला ना कुठला दगड असा कलायचाच. खालच्या ओळी घासायला ती एक पाय लांब करून त्याच्यापुढे बसली.

मुळाशी कर्र आवाज झाला. तिनं वर पाहिलं तेव्हा दगड तिच्याकडे येत होता. ती मागे पडली, अंग वाचलं, डावा पाय अडकला.

ती ओरडली, मग वाकून पायाकडे पाहिलं. दगडाची वरची कड कबरीभोवतीच्या दगडी कठड्यावर टेकली होती. म्हणून पाय चिरडला नव्हता. पण गुडघ्याखाली दगड आणि जमीन यांच्यात तो असा दाबला होता की बोट हलत नव्हतं. दोन्ही हातांनी तिनं दगड रेटला. तो भिंतीसारखा जागचा हलला नाही.

"कोनी हाय काऽऽ?" तिनं हाक दिली.

निंबावरून कावळे उडाले. बस.

ऊन चढलं. सावली सरकत सरकत दूर गेली. पाय आधी ठणकत होता, मग बधिर झाला, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. बाराच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. पुंजाराम परवा येणार. तोवर कोण शोधेल? घरी सासू, तिला डोळ्यांनी दिसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला आजूबाजूचे दगड आपल्याकडे पाहताहेत असं वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावर पावलं वाजली, आणि कोणी खाकरलं. ते खाकरणं तिनं ओळखलं.

"भगवंता! अरे भगवंता, मी हाव, मैना! माया पाय दबला रे! अंदर ये!"

पावलं थांबली.

"भगवंता, धाव रे बापा!"

काहीतरी धपकन पडलं. मग पावलं पळत सुटली, गावाकडे, लांब, आणि ऐकू येईनाशी झाली.

मैनाबाई रडली. थोडाच वेळ. मग तिचं लक्ष बादलीकडे गेलं.

स्वच्छ पाण्याची बादली दोन हातांवर होती, रिठ्याचं घमेलं जवळच, खुरपं पदराशी. माती विटेसारखी कडक. खुरप्यानं नुसते टवके उडत. पण ही माती भिजली की लोण्यासारखी होते, हे माळ्याच्या बाईला कोणी सांगायला नको. तिनं रिठ्याचं पाणी पायाच्या कडेनं ओतलं, मुरू दिलं आणि पायाखालची माती उकरायला लागली. चिखल निघाला. ती हरखली.

आणि दगड बोटभर खाली आला.

तिनं खुरपं टाकलं. कठड्याखालची माती भिजली तर अख्खा दगड बसणार. मग पाय उरणार नाही. कितीतरी वेळ ती हललीच नाही. पुन्हा सुरुवात केली तेव्हा ओंजळ ओंजळ, फक्त टाचेखाली, कठड्यापासून दूर.

घमेलं संपलं. पदराचा फास टाकून तिनं बादली इंच इंच ओढली. जीभ टाळूला चिकटली होती. पाण्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं. एक घोट घेतला. दुसरा घ्यावासा वाटला, पण तिनं डोळे मिटले आणि पाणी मातीत ओतलं.

उन्हं कलली तेव्हा टाच हलली. कातडं सोलत पाय बाहेर आला. ती सरपटत दहा हात गेली असेल, तोच मागे दगड धप्पकन जमिनीत बसला.

फाटकाबाहेर टोपली उलटी पडली होती आणि काकड्या विखुरल्या होत्या. भगवंतच्या मळ्यातल्या. तिनं एक काकडी मातीसकट खाल्ली. सरपण घेऊन येणाऱ्या शेजारच्या मनकर्णाबाईला ती तिथेच, रस्त्याच्या कडेला सापडली.

नळीचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी भगवंत दारात आला, आत येईना.

"मी तुले नावानं हाका मारल्या," मैनाबाई म्हणाली.

"हो."

"आवाज नाई ओळखला तू?"

"ओळखला, वयनी." तो उंबऱ्याबाहेरच खाली बसला. "तुमचाच होता. म्हनूनच भेव वाटलं. ते मडम आपल्या मानसाचा आवाज काढते म्हनतात."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दीड महिना ती त्याच्याशी बोलली नाही. तो रोज दारात भाजी ठेवून जायचा.

आषाढात पाय धड झाला. पुंजारामानं दगड चुन्यात उभा करून घेतला होता, आणि शेवाळ पुन्हा धरायला लागलं होतं. मैनाबाई फाटकापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. पाय उचलेना. एका हातात बादली धरून तिनं दुसरा हात फाटकाला लावला, पुन्हा मागे घेतला. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भीती म्हणजे काय, पळणारा का पळतो, हे तिला त्या क्षणी अंगातून कळलं.

मागे भगवंत होता. दूर राहून तिच्यामागे आला असावा.

"सरका, वयनी," तो म्हणाला. चेहरा घामानं भिजलेला. तिच्या हातातली बादली घेऊन, देवाचं नाव पुटपुटत तो आत शिरला. पहिल्याच कबरीशी थांबून त्यानं दगडावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"या," तो म्हणाला. "मी अठीच हाव."

ती आत गेली. त्या दिवशी त्यांचे दोनच दगड धुऊन झाले, कारण दोघंही एकमेकांना नजरेआड होऊ देत नव्हते.