पाणसळ खोटं बोलली

मी एक जुनी पाणसळ आहे. हल्ली मला सगळे लेव्हल म्हणतात, म्हणोत बापडे. हातभर लांबीचं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना पितळी पत्रा आणि मधोमध काचेची छोटी नळी. नळीत द्रव आणि त्यात एक बुडबुडा. जागा सपाट असेल तर बुडबुडा बरोबर मध्ये थांबतो, नसेल तर उंच बाजूकडे पळतो. एवढंच माझं काम. पण मित्रांनो, एवढ्याशा कामात मी एकदा जी माती खाल्ली, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझे मालक इंजिनिअर. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दुकानात उचललं, काउंटरवर ठेवलं आणि बुडबुडा बघितला. मग माझी टोकं अदलाबदल करून मला पुन्हा तिथेच ठेवलं. बुडबुडा होता तिथेच. "ही चालेल," ते म्हणाले. आतली नळी केसभर जरी हलली असेल, तर असं फिरवल्यावर बुडबुडा जागा बदलतो आणि आमचं बिंग फुटतं. पुढे चाळीस वर्षं मालक मला फिरवून बघितल्याशिवाय माझ्यावर कधी विसंबले नाहीत. सुरुवातीला मला भारी राग यायचा. रोज उठून कसली परीक्षा घ्यायची!

त्यांचं काम पाण्याचं. नळाच्या लाइनी, गटारं, टाक्या. "पाण्याकडे वशिला चालत नाही," असं ते नेहमी म्हणायचे, "उतार द्याल तरच जाईल." साहेब असूनही ते खड्ड्यात उतरायचे आणि पालथे पडून माझा बुडबुडा बघायचे. कपड्यांचा पार चिखल व्हायचा. संध्याकाळी सहाला मात्र घरी. एकदा मोठ्या पदावर बदली आली, तर मुलाची शाळा मध्येच मोडायला नको म्हणून नाही म्हणाले. ऑफिसातले लोक त्यांना वेड्यात काढत होते. हे आपले घरी येऊन मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट करत बसले, अर्थात मला घेऊनच.

घरातलं एकही फळीचं कपाट माझ्याशिवाय भिंतीला लागलं नाही. मालकीणबाई हसायच्या. "अहो, ती काय गादी आहे का, सारखी उलटीपालटी करायला?" मालकही हसायचे आणि मला अजून एकदा फिरवायचे. फार सुखाचे दिवस होते ते. मला वाटायचं, आपल्यासारखं खरं बोलणारं या घरात दुसरं कुणी नाही.

मालक निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसले. एके दुपारी मालकीणबाई शिवणाचा डबा शोधत होत्या. त्यांचा हात लागला आणि मी दाणकन फरशीवर आपटले. त्यांनी मला उचललं, पुसलं, नळी बघितली. काच शाबूत होती. "फुटली नाही बाई, सुटले," असं पुटपुटत त्यांनी मला परत वर ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. आपण तरी कप पडला आणि फुटला नाही, तर घरभर सांगत सुटतो का?

पण मला कळलं होतं. नळी ज्या प्लास्टरमध्ये बसवलेली होती, ते एका टोकाला सुटलं होतं. माझा बुडबुडा आता खोटं बोलणार होता.

पुढे मालकीणबाईंचे गुडघे दुखायला लागले. न्हाणीघराच्या दारात एक उंच उंबरा होता. तो ओलांडताना त्या रोज 'आई गं' म्हणायच्या. मालकांना ते ऐकवेना. त्यांनी बाईंना चार दिवस बहिणीकडे पाठवलं, ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं, उंबरा काढला आणि नवी फरशी घालायला घेतली. पाणी दाराकडून जाळीकडे जायला हवं होतं. सिमेंट आवळायला लागलं होतं, घाई होती. मालकांनी मला फरशीवर ठेवलं.

"साहेब, फिरवून बघायची ना?" मिस्त्रीने विचारलं.

"मिस्त्री, चाळीस वर्षांत ही कधी खोटं बोलली नाही. चला, लावा."

मित्रांनो, मला तोंड नाही, हे खरंच आहे. पण त्या क्षणी तोंड असतं तरी मी गप्पच बसले असते. बंद पडलेली इस्त्री आणि रेडिओ भंगारात जाताना मी पाहिले होते. शिवाय एवढं कौतुक माझं कुणी कधी केलं नव्हतं. त्यांनी मला फिरवलं नाही आणि मला हायसं वाटलं. हीच माझी चूक. पडणं माझ्या हातात नव्हतं, पण हायसं वाटलं ते माझंच होतं.

काम झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "दोन दिवसांनी बादलीभर पाणी ओतून बघू या."

"काही गरज नाही," मालक म्हणाले.

मालकीणबाई परत आल्या. "उद्घाटन तुझ्या हस्ते," असं म्हणत मालकांनी हसत दार उघडून दिलं. बाईंनी अंघोळ केली. पाणी जाळीकडे गेलंच नाही. साबणाचं पाणी दाराशी येऊन थांबलं. त्यावरून त्यांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. गावभरचं पाणी ज्याने वळणावर आणलं, त्याच्याच घरात हे झालं.

दवाखान्यातून आणल्यावर मुलाने मिस्त्रीला घरी बोलावून त्याच्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. "अहो, साधा उतार देता येत नाही तुम्हाला?" बिचारा खाली मान घालून उभा राहिला. मालक उठले. मला कपाटावरून काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, मग फिरवलं. बुडबुडा एकदम दुसऱ्या बाजूला गेला.

"नळी हललीय, साहेब," मिस्त्री म्हणाला. "पडलीय कधीतरी."

खाटेवर मालकीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तोंड उघडलं, पण मालकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि लगेच म्हणाले, "माझ्याच हातून पडली असेल. हात थरथरतात हल्ली. आणि फिरवून बघायला हवं होतं, तेही मीच विसरलो. मिस्त्री, तुम्ही मला माफ करा." त्यांचे हात मुळीच थरथरत नव्हते. त्या हातांना माझ्याइतकं कोण ओळखणार?

मिस्त्रीने फरशी पुन्हा घातली, या वेळी बादलीभर पाणी ओतून. तरी पुढची नऊ वर्षं मालक रोज सकाळी बाईंच्या आधी उठून न्हाणीघर फडक्याने कोरडं करायचे. काठी टेकत येणाऱ्या बाईंकडे बघून आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्या चुकीने झालं हे." बाई खाली बघायच्या. मी कपाटावर पडून ऐकायचे. मला भंगारात टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं रोज वाटायचं.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी मालक गेले. महिन्याभराने माणसं जमली. जो तो त्यांच्याबद्दल चांगलंच बोलत होता. मुलगा म्हणाला, "बाबांनी आयुष्यात एकच चूक केली, आणि ती शेवटपर्यंत मनाला लावून घेतली."

"ती त्यांची चूक नव्हती," मालकीणबाई म्हणाल्या. "लेव्हल माझ्या हातून पडली होती."

"आई! मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"रोज ठरवायचे रे, आज सांगते म्हणून. ते फडकं घेऊन वाकलेले दिसले की जीभ उचलायचीच नाही."

"आणि बाबांनी कधी विचारलं नाही?"

"त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. विचारलं असतं तर मला कबूल करावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं त्यांनी." एवढं बोलून त्या हमसून हमसून रडल्या. मुलगा त्यांच्या पायाशी बसून राहिला.

मित्रांनो, तुमच्या हातून काही पडलं, तर ते धड दिसलं तरी घरात सांगा. आमच्यावर विसंबण्याआधी आम्हाला फिरवून बघा. आम्हाला राग येईल, येऊ द्या. आणि तुमची चूक कुणी आपल्या अंगावर घेतली असेल, तर तो माणूस समोर आहे तोवर त्याच्यापाशी जा आणि बोला. बाई रोज सकाळी बोलतात आता. पण फोटोशी.