अठ्ठ्याऐंशी नंबरचं पुस्तक

चिकपेटच्या मराठी मंडळाच्या सभागृहातलं जुनं कपाट रिकामं करायचं काम भूमिकाच्या गळ्यात पडलं, त्याला कारण एवढंच की ती व्हाइटफील्डला कॉम्प्युटरवर काम करते. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला जगातली कुठलीही यादी करता येते, असा मंडळातल्या वडीलधाऱ्यांचा पक्का समज आहे. "तिथं खुर्च्या रचायच्यात. पुस्तकं पुढच्या रविवारी कुणाकुणाला देऊन टाकू. तू स्वल्प यादी करून ठेव," असं म्हणून अध्यक्ष रघुपतींनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि ते कॉफी प्यायला गेले ते गेलेच.

कपाट उघडलं तर आत सगळं गुलाबी. एकूण एक पुस्तकाला साडीच्या खोक्यात घालतात तो गुलाबी कागद चढवलेला. नाव नाही, लेखक नाही, पाठीवर फक्त आकडा. एक ते दोनशे बारा. तासाभरात काम उरकून मेट्रो पकडायची, असं भूमिकाने ठरवलं होतं. तिने एक नंबर उघडला. विहीर कुठे खणावी आणि कुठे खणू नये, याचं पुस्तक. दोन नंबरमध्ये एक नवरी भर मांडवातून बँडवाल्याबरोबर पळून जात होती. तीन नंबर माश्या आणि डास. चार नंबरमध्ये सर्कशीतल्या विदूषकाचा खून झाला होता आणि संशय हत्तीच्या माहुतावर होता. हे लावणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का, असं तिच्या मनात आलं, आणि तिने पाच नंबर काढला. अशा वेळी थांबणं कुणाला जमतं?

उलगडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर झाला. भाषा मराठी, लिपी कन्नड, कारण मंडळातले बहुतेक सगळे इथल्याच कन्नड शाळांत शिकलेले. पुस्तक निवडायचं नाही, आकड्याप्रमाणे घ्यायचं. विषम आकडा माहितीचा, सम आकडा गोष्टीचा. माहितीचं पुस्तक परत करताना त्यातून काय कळलं ते मागच्या कागदावर एका ओळीत लिहायचं, नाहीतर पुढचं मिळणार नाही. अध्यक्षांनाही नाही. खाली सही, शेषगिरी, ग्रंथपाल. 'अध्यक्षांनाही नाही' याच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. म्हणजे कधीतरी एखादे अध्यक्ष नुसत्या कादंबऱ्या मागायला आले असणार आणि हात हलवत परत गेले असणार.

तिने माहितीच्या पुस्तकांची मागची पानं उघडायला सुरुवात केली. पहिल्या दहा-वीस पुस्तकांत बरीच नावं होती. चाळिशीनंतर लोक गळत गेले, आणि साठच्या पुढे एकच अक्षर उरलं. गोल, टपोरं, ओळीखाली किंचित उतरणारं. ते अक्षर भूमिका जन्मल्यापासून लोणच्याच्या बरण्यांवर बघत आली होती. नाव लिहिलं होतं भाग्यलक्ष्मी. तिची अम्मा.

भूमिका खुर्ची ओढून बसली. अम्मा आणि पुस्तक? चौतीस वर्षांत तिने अम्माच्या हातात पंचांगाखेरीज छापील काही बघितलं नव्हतं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून तर अम्मा दिवसभर टीव्हीसमोर बसते आणि टीव्ही बघत नाही. काय लागलंय विचारलं तर सांगता येत नाही. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते, आणि स्वतःहून काही म्हणून विचारत नाही. भूमिकाला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती. आणि इथे तीच बाई लग्नाआधीच्या तारखा घालून लिहीत होती, 'माशीला पाच डोळे असतात. तरी ती दुधात पडते.' एका ठिकाणी, 'उंटाच्या पापण्यांच्या केसांच्या दोन रांगा असतात. माणसाला एकीवर भागवावं लागतं.' एकसष्ट नंबर समुद्रावर होतं. तिथे लिहिलं होतं, 'भरती बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा येते. मी समुद्र अजून पाहिलेला नाही.'

सत्त्याऐंशी नंबर घड्याळदुरुस्तीचं निघालं. १९९० सालचा मार्च. 'बंद पडलेलं घड्याळ लगेच उघडू नये. आधी चावी दिली होती का ते बघावं.' बस. त्यापुढच्या एकाही पुस्तकात अम्मा नव्हती. अम्माच कशाला, कुणीच नव्हतं. कागद कोरे. आणि सत्त्याऐंशीला लागून थेट एकोणनव्वद उभं होतं. अठ्ठ्याऐंशी कपाटात नव्हतं. भूमिकाने दोनदा शोधलं, खाली वाकून कपाटामागेही बघितलं.

घरी जाऊन तिने टीव्ही बंद केला. "अम्मा, तू मंडळातली सत्त्याऐंशी पुस्तकं वाचलीस?"

अम्माने मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"मग पुढं का नाही वाचलीस?"

"अठ्ठ्याऐंशी मिळालं नाही."

"मग एकोणनव्वद घ्यायचं!"

"असं कसं? नंबराप्रमाणे घ्यायचं असतं." एवढं बोलून अम्माने टीव्ही पुन्हा लावला. पण त्या दिवशी ती दोनदा स्वयंपाकघरात येऊन भूमिकाकडे नुसतंच बघून गेली, हे भूमिकाच्या ध्यानात राहिलं.

शेषगिरी येलहंकाला मुलाकडे राहतात असा रघुपतींकडून पत्ता लागला. शनिवारी भूमिका तिथे जाऊन थडकली. त्र्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, जन्मभर चिकपेटच्या साडीच्या दुकानात घड्या घातल्या, त्यामुळे समोरचं वर्तमानपत्रही काठाला काठ जुळवून ठेवलेलं. ती कुणाची मुलगी ते सांगितलं तेव्हा ते हसले. अठ्ठ्याऐंशी नंबरचं विचारलं आणि हसू मावळलं. उठून आत गेले, ते बऱ्याच वेळाने बाहेर आले. हातात गुलाबी कागदातलं पुस्तक होतं. पाठीवर ८८.

"अण्णा, म्हणजे हे तुमच्याकडेच होतं?"

"भाग्यलक्ष्मीअक्कांना दे," ते म्हणाले. "बाकी काही विचारू नको."

भूमिका हरखून घरी आली. हे पुस्तक हातात पडलं की अम्मा चष्मा लावणार, पाय वर घेऊन बसणार, सगळं सुरळीत होणार, असं चित्र तिने येलहंका ते घर रंगवलं होतं. अम्माने खरोखरच चष्मा लावला. कागदावरून हात फिरवला. मग पहिलं पान न वाचता उलटलं, त्याच्या मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि पुस्तक मिटून परत दिलं.

"हे नव्हे."

"अम्मा, आकडा बघ की!"

"छापल्याचं साल बघ. सप्टेंबर नव्वद. मी मार्चपासून अठ्ठ्याऐंशी मागत होते. अण्णा म्हणायचे बाहेर गेलंय. सहा महिने दर रविवारी जायची मी. सातव्या महिन्यात हे पुढं केलं. अजून शाईचा वास येत होता. मी म्हटलं, हे नवं आहे, जे बाहेर गेलंय ते आणा." अम्माने चष्मा काढला. "बाहेर काही गेलंच नव्हतं गं. माझ्यापुढं वाचणारं होतंच कोण? कुणी नेलं असणार? आकडाच चुकला होता. एवढं एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. मी वाट बघितली, मग लग्न ठरलं."

"म्हणून पस्तीस वर्षं वाचलंच नाहीस?" भूमिकाचा आवाज चढला. "त्यांच्या हट्टापायी?"

"माझाही होता ना," अम्मा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आता वाटतं, फार महाग पडला."

भूमिकाला राग आवरेना. दोन शहाणी माणसं, एक चुकलेला आकडा, आणि त्यात तिच्या आईची सव्वाशे पुस्तकं बुडाली. तिने येलहंकाला फोन लावला आणि काही मुलाहिजा न ठेवता सगळं सांगितलं. "उद्या कपाट हलवणार ना?" शेषगिरींनी विचारलं. "सरी, ठीक. मी येतो. अक्कांना घेऊन ये."

रविवारी सभागृहात खुर्च्या येऊन पडल्या होत्या. पुस्तकं न्यायला मात्र चिटपाखरू नव्हतं. शेषगिरी दोन बस बदलून आले होते आणि कपाटाशेजारी उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. अम्मा आत आली. तिने दोन वर्षांत पहिल्यांदाच काठापदराची साडी नेसली होती.

"अक्का," शेषगिरी म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी नंबरचं पुस्तक नाही. कधीच नव्हतं."

अम्मा खुर्चीवर बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"आकडे घालताना जेवायला उठलो. परत आलो आणि सत्त्याऐंशीनंतर एकोणनव्वद घातला. तुम्ही तिथवर पोचेपर्यंत मला पत्ताच नाही. कोण पोचणार असंच वाटायचं मला. आणि आठच दिवसांपूर्वी त्या वेळच्या अध्यक्षांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं, नियम म्हणजे नियम, एक आकडा इकडचा तिकडे होणार नाही. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग पुढं काय झालं?" अम्माने विचारलं. भूमिकाने चमकून तिच्याकडे पाहिलं. अम्माने स्वतःहून प्रश्न विचारला होता.

"पुढं काय व्हायचं. दुकानातून परभारे जाऊन एक पुस्तक आणलं, तुम्ही ते पकडलंत. त्यानंतर तुम्ही आलाच नाहीत. चार वर्षं मी दर रविवारी कपाट उघडून बसायचो. तुमच्या ओळी वाचायचो. माशीच्या पाच डोळ्यांचं वाचून एकटाच हसायचो. तुमच्यापुढं कुणी गेलं नाही अक्का. मग मीही किल्ली देऊन टाकली." त्यांनी कपाटाच्या दारावर हात ठेवला. "चूक माझी. तुम्ही वाचायचं सोडलंत, ते माझ्यामुळं."

बाहेर कुणीतरी खुर्च्या मोजत होतं. अम्माने पदराने डोळे पुसले.

"सम आकडा गोष्टीचा असतो ना, अण्णा?"

"हो."

"मग ही माझी अठ्ठ्याऐंशी नंबरची गोष्ट झाली. स्वल्प उशिरा मिळाली." ती उठली. "आता एकोणनव्वद द्या."

शेषगिरींनी पुस्तक काढलं. त्याच्या कडा जुळवल्या आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. रघुपती आत आले, कपाट कुठे न्यायचं म्हणून विचारू लागले. "आमच्या घरी," भूमिका म्हणाली. तिने यादीचा कागद पर्समध्ये कोंबला आणि स्वतःसाठी एक नंबर उचलला.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. अम्मा पहिल्याच पानात शिरली होती. भूमिकाने हळूच डोकावून पाहिलं. समुद्रकाठच्या दीपगृहांचं पुस्तक होतं. काचेच्या भिंगातून दिवा किती दूर जातो, वादळात तेल कोण घालतं, असलं काहीबाही. अम्माचं बोट ओळीखालून सरकत होतं. त्यांचं स्टेशन आलं, भूमिकाने दंडाला धरून उठवलं, तेव्हाही तिने मधलं बोट पानातच ठेवलं होतं.

जिन्यावर ती अचानक थांबली. मागून येणारे लोक तिला वळसा घालून जाऊ लागले.

"भूमी," अम्माने विचारलं, "मंगळुरूला जायला किती तास लागतात गं?"