रडलं नाही म्हणा

सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. खुर्च्या संपल्या, जिने भरले, मग लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले. समोरच्या भिंतीवर यंत्रातून उजेड पडत होता आणि त्या उजेडात सगळ्या जगाचा नकाशा उमटला होता. जिथे तान्ही मुलं जास्त दगावतात तिथे गडद लाल, त्याहून कमी तिथे नारिंगी, अगदी थोडी तिथे पिवळा. आणि लाल-नारिंगीच्या त्या दाटीत नखाएवढा एक पांढरा ठिपका.

"ते आपण," कोणीतरी म्हणालं, आणि अख्ख्या सभागृहाने एकदम श्वास सोडला.

पांढरा म्हणजे शून्य. वर्षभरात एकही तान्हं मूल गेलं नाही. जे श्रीमंत देशांना जमलं नाही ते या गावाने करून दाखवलं, असं नगराध्यक्ष तीनतीनदा सांगत होते. आणि ज्यांच्यामुळे ते झालं म्हणे, ते व्यासपीठाच्या मधोमध मऊ खुर्चीत बसले होते. शून्यबाबा. पूर्वी ते पाण्याचे पंप दुरुस्त करत. पंप बिघडला की हातात पाना घेण्याआधी डोळे मिटून बसत, आणि बहुतेक वेळा पंपही मिटलेलाच राही.

"बाळांनो," बाबांनी सुरुवात केली, "शून्य म्हणजे काय? शून्य म्हणजे पूर्ण. पूर्ण म्हणजे गोल. गोल म्हणजे पृथ्वी. ती पृथ्वी आज माझ्या पायांशी उजळली आहे. मग सांगा, मी कुठे आहे?"

"पृथ्वीबाहेर," मागच्या रांगेतून लाँड्रीवाली माई पुटपुटली. "तिथेच राहा म्हणावं."

शेजारी बसलेल्या मुलाने तिला कोपराने ढोसलं. "आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट थोडंच लावलंय."

त्याच्या पलीकडे सून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. ती नकाशाकडे बघत होती, पण कोऱ्या भिंतीकडे बघावं तशी. मागच्या थंडीत तिची पहिली मुलगी गेली, तेव्हापासून ती सगळ्याकडे अशीच बघे. जेवायला बस म्हटलं की बसे, ऊठ म्हटलं की उठे.

बाबांनी झोळीतून कागदाची पुडी काढून वर धरली. "ही शांतिपूड. हिचा रंग बघा, आभाळाचा आहे. यात आकाशतत्त्व आहे. बाळाच्या नाळेवर ही लावा, मृत्यू दारातून परत जातो. आता ही पूड त्या सगळ्या लाल देशांना जाणार आहे."

टाळ्या कडाडल्या. मुलाने खिशावर हात ठेवून बघितलं. अशीच एक पुडी त्याच्या खिशात होती, येणाऱ्या बाळासाठी. माईने ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

टाळ्या थांबल्यावर एक मध्यमवयीन बाई उठल्या. देशोदेशी जाऊन मुलांचे जन्ममृत्यू मोजणाऱ्या संस्थेच्या त्या डॉक्टर. नकाशा त्यांचाच. "या शून्याचं प्रमाणपत्र देण्याआधी आम्ही काही घरांत जाऊन खात्री करतो," एवढंच त्या म्हणाल्या आणि बसल्या. कोणाला ते फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माईच्या लाँड्रीत आल्या.

लाँड्री म्हणजे पुढे इस्त्रीची लांब टेबलं, मध्ये धुण्याचे हौद, मागे पाणी तापवायची भट्टी आणि भट्टीमागे राखेचा ढीग. माई चादरीची दोन टोकं धरून उभी होती, सुनेने दुसरी दोन धरली होती.

"बसा," माई म्हणाली. "कामाचं बोलायचं असेल तर घडी घालता घालता बोलू. हात थांबवले की आमच्याकडे चादरी दुप्पट होतात."

डॉक्टरबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुमच्याकडे बाळ झालं होतं ना?"

सुनेच्या हातातलं टोक हललं नाही.

"झालं होतं," माई म्हणाली. "न रडता गेलं."

"म्हणजे मृतच जन्मलं?"

"अहो, तसं म्हणतात आमच्यात."

"कसं?"

माईने चादर खाली ठेवली. तिला राग आला होता, पण नेमका कोणाचा ते कळत नव्हतं. "कोणाचं तान्हं गेलं की समाचाराला येणारे असंच बोलतात. न रडता गेलं, म्हणजे त्याला त्रास झाला नाही. आईच्या जिवाला तेवढाच आधार. आणि बाबांची माणसंही घरी येऊन तेच पढवून जातात. रडलं नाही म्हणा. रडून गेलेलं मूल मागे वळून बघत राहतं, पुढच्याची वाट अडवतं. रडलंच नाही म्हटलं की वाट मोकळी, आणि पुढचं जगतं. माझा काडीइतका विश्वास नाही हो. पण ही एवढ्याच एका गोष्टीवर उभी आहे. ती तिच्या हातून काढून घेऊन मी काय देऊ?"

डॉक्टरबाईंनी चादरीचं खाली ठेवलेलं टोक उचललं. मग म्हणाल्या, "माई, आमची माणसं घरोघर फिरतात तेव्हा एकच प्रश्न विचारतात. बाळ रडलं का, हललं का, श्वास घेतला का. हो म्हटलं, की ते जन्मून गेलेलं मूल. ते या नकाशात येतं. नाही म्हटलं, की मृतजन्म. त्याची मोजणी वेगळी, ते या नकाशात येत नाही."

माईने त्यांच्याकडे टक लावून बघितलं.

"मला इथे तेच घेऊन आलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या गावात जेवढी मुलं मुकी, म्हणजे मृतच, जन्मतात तेवढी मी जगात कुठे पाहिली नाहीत. आणि जी जिवंत जन्मतात त्यांतलं एकही जात नाही. असं कुठेच होत नाही. ना गरीब देशात, ना श्रीमंत."

"म्हणजे मुलं मरायची थांबली नाहीत," माई सावकाश म्हणाली. "आम्हीच त्यांना जन्मू दिलं नाही. तोंडाने."

भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"गेलं कसं बाळ?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चांगली होती. मग बेंबीभोवती लाल झालं, वास यायला लागला, अंग तापलं. दूध सोडलं." माईने मुलाला हाक मारली. "ए, ती पुडी आण इकडे."

"आई, ती बाळाची..."

"आण म्हटलं ना."

मुलाने पुडी आणली. डॉक्टरबाईंनी ती इस्त्रीच्या टेबलावर, पांढऱ्या चादरीवर उघडली. राखाडी पूड, त्यात निळसर झाक. माईने चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग ती मागच्या दाराशी गेली आणि तिथेच खिळली.

भट्टीची राख वाऱ्याने धुतलेल्या कपड्यांवर उडू नये, म्हणून निळीचं आणि साबणाचं उरलेलं पाणी ती रोज ढिगावर ओते. ही तिच्या सासूची रीत, दुसऱ्या कोणत्या लाँड्रीत नव्हती. आणि बाबांचा एक माणूस नेमाने येऊन पोतंभर राख घेऊन जाई. बागेला घालतो, म्हणत असे.

"आकाशतत्त्व," माई म्हणाली. तिचा आवाज इस्त्री गार पडावी तसा होता. "माझी राख आहे ती. माझी नीळ. त्या ढिगावर मांजरं घाण करतात."

मुलाने रिकामा खिसा उलटा करून झटकला.

प्रमाणपत्राच्या दिवशी सभागृह पुन्हा भरलं. नगराध्यक्षांनी चौकट हातात धरलीच होती, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी माईला वर बोलावलं. माईने पाण्याने भरलेले काचेचे दोन पेले टेबलावर ठेवले. एकात तिने बाबांची पुडी रिकामी केली, दुसऱ्यात आपल्या कापडी पिशवीतली मूठभर राख. चमच्याने दोन्ही ढवळले. राख खाली बसत गेली तसं दोन्ही पेल्यांतलं पाणी सारखंच निळं झालं. वर साबणाचा थोडा फेसही आला.

"बाबा," ती म्हणाली, "यातलं आभाळ कुठलं आणि माझा उकिरडा कुठला, तेवढं दाखवा. मला शाळेत फार दिवस बसवलं नाही, मला ओळखू येईना."

पुढच्या रांगेत कोणी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं.

बाबांनी डोळे मिटले. "बाई, वस्तू कुठलीही असो, मी फुंकर घातली की तिचं रूप पालटतं."

"पंपांचं नाही पालटलं ते," माई म्हणाली.

डॉक्टरबाई पुढे आल्या आणि अगदी साध्या शब्दांत बोलल्या. कापलेली नाळ ही उघडी जखम असते. तिला स्वच्छ आणि कोरडी ठेवायची, घरचं काही लावायचं नाही. उकिरड्यावरची राख लावली की घाण आत जाते, अंगभर भिनते आणि बाळ दगावतं. मग त्यांनी मोजणीचा तो एकच प्रश्न सांगितला, आणि त्याचं उत्तर बदललं की नकाशाचा रंग कसा बदलतो तेही. "ही पूड लाल देशांना पाठवली, की तिथेही हेच होईल," त्या म्हणाल्या. "म्हणून मी तो प्रश्न पुन्हा विचारते. कोणाचं बाळ रडलं होतं?"

बाबा एक डोळा किलकिला करून लोकांकडे बघत होते. नगराध्यक्ष माईच्या कानाशी लागले, "माई, आजच हे काढायलाच हवं होतं का? एवढं नाव झालंय गावाचं."

"नाव गावाचं झालं," माई म्हणाली. "माझ्या नातीचं राहिलं."

तेव्हा सून उठली. पोट सावरत, पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरत. माईला वाटलं तिला चक्कर आली.

"रडली होती," सून म्हणाली. "खूप. समोरच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं."

आणि ती उभीच राहिली. खाली बसायचं असतं हे विसरल्यासारखी.

खिडकीपाशी एक बाई उभी राहिली. "आमचाही रडला होता."

मग जिन्यावरून एक. मग पुरुषांतून एक म्हातारा, "माझा नातू." कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हजेरी द्यावी तशी माणसं एकामागून एक बोलत होती आणि उभी राहत होती. प्रत्येकाला इतके दिवस वाटत होतं की आपल्यापुरतंच खोटं आहे, गावाचं शून्य खरं आहे.

"तुम्ही बोललात," बाबा उठत म्हणाले, "आता मृत्यू परत येईल. मला दोष देऊ नका." त्यांच्यामागे काही लोक बाहेरही पडले. तेवढे असतातच.

डॉक्टरबाईंनी यंत्रात नवे आकडे भरले. पांढरा ठिपका पिवळा झाला नाही, नारिंगी झाला नाही, सरळ गडद लाल झाला. आजूबाजूच्या सगळ्यांहून गडद. लोक त्याच्याकडे बघत राहिले. आता इथे औषधं येतील, नाळ बघायला नर्स ठेवतील, असं डॉक्टरबाई सांगत होत्या. लाल दिसल्याशिवाय कोणी धावून येत नाही, पांढऱ्याकडे कशाला येईल. ऐकणाऱ्यांना ते कळत होतं, पण आत कुठे पोचत नव्हतं.

घरी परतल्यावर मुलाने घरातली राहिलेली पूड गटारात टाकली आणि हात दोनदा धुतले. सून दाराशीच थांबली.

"आई."

"काय गं?"

"मोजलं ना तिला?"

"मोजलं," माई म्हणाली. "सगळ्या जगाच्या मोजणीत आली ती."

सुनेने मान हलवली आणि आत गेली.

सांगायचं ते एवढंच. बाळाच्या नाळेवर काही थापू नका, मग ती पूड कोणाच्याही झोळीतली असो. नाळ चिघळली की बाळाला दवाखान्यात न्या, बाबाकडे नको. कोणी आकडा दाखवून चमत्कार म्हणालं, तर तो आकडा कोणता प्रश्न विचारून काढला, ते आधी विचारा. आणि मोजायला कोणी दारात आलं तर लाजू नका, घाबरू नका, गावाच्या नावासाठी खोटं बोलू नका. मूल एक दिवसाचं असलं तरी ते होतं. होतं म्हणा.